तीनशे साठ पानं

तुमचं पत्र पोचलं. शाळेत युद्धावर काही लिहून न्यायचं आहे, आणि तिकडे परदेशात तुमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचं ते मोकळं मैदान म्हणजे बॉम्ब पडलेली जागा आहे, हे वाचलं. आजी, तुमच्याकडे युद्ध आलं होतं का, असं तुम्ही विचारलंत. आमच्याकडे बॉम्ब पडला नाही. लढाईमुळे एकही भिंत पडली नाही. पण लढाई संपल्यावर सहा-सात महिन्यांनी मी वाशीमला पाच दिवस राहिले होते. ते पाच दिवस सांगते, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर होईल. क्रमाने सांगते. नावं मात्र लिहिणार नाही. त्यातल्या माणसांची मुलं-नातवंडं अजून त्या गावातच आहेत आणि मी त्यांना विचारलेलं नाही.

आमचं गाव आसेगाव, मंगरूळपीरच्या बाजूचं. माझे वडील मास्तर होते, त्यांचे थोरले भाऊ शेती पाहत. घर एकच. वडिलांच्या हट्टामुळे मी अमरावतीला इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे गावात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे यायचा. सुट्टीत मी घरी आले की लोक कागद घेऊन ओट्यावर बसलेले असत.

थोरल्या काकांचा एकच मुलगा. मी त्याला दादा म्हणत असे. तो कारंज्याला कापसाच्या जिनातली लॉरी चालवायचा. लढाईच्या दुसऱ्या वर्षी काकांशी कशावरून तरी वाजलं आणि तो फौजेत ड्रायव्हर म्हणून भरती झाला. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. वहिनी एकोणीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं.

वर्षाने फौजेचा कागद आला. अर्धं पान, टाईप केलेलं. त्यात लिहिलं होतं की तुमचा मुलगा अमुक तारखेपासून सापडत नाही, काही कळलं तर कळवू. मी ते वाचून दाखवलं, तसंच्या तसं. सापडत नाही, एवढंच आहे, असं दोनदा सांगितलं. काकूंनी कागद देवाजवळ ठेवला.

पुढे सहा महिन्यांनी शेजारच्या गावचा एक शिपाई जखमी होऊन घरी परतला. तो आमच्याकडे आला आणि म्हणाला की एका पुलाजवळ दादाची लॉरी जळताना मी डोळ्याने पाहिली, नंबर ओळखला, आत माणूस होता. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. काकू तेव्हा आजारी होत्या. माणूस नुसता हरवलेला असेल तर बारा वर्षं वाट पाहायची असा नियम, पण मेलेला पाहणारा कोणी असला तर थांबायचं कारण नाही. माझ्या लेकाचा जीव तिकडे भटकतो आहे, मी जायच्या आत त्याची सोय करा, असं काकू धरून बसल्यावर काकांनी विधी करायचं ठरवलं.

शरीर नसलं तर पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. पानं तीनशे साठ लागतात. डोक्याला चाळीस, मानेला दहा, दोन्ही हातांना मिळून शंभर, असा सगळा हिशोब ठरलेला असतो. डोक्याच्या जागी नारळ. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी होते, सोळा वर्षांची होते, आणि घरात मोजणीत न चुकणारी अशी माझी ख्याती होती. काकांनी मला पानं मोजायला बसवलं. मी दहा-दहाच्या चळती लावल्या, छत्तीस झाल्या. पुन्हा एकदा मोजल्या. मी काकांना म्हटलं होतं की कागदात मेला असं लिहिलेलं नाही. ते म्हणाले, कागद लिहिणाऱ्यानं पाहिलं नाही, आणि ह्याने पाहिलं आहे. मग मी चळती त्यांच्यापुढे सरकवल्या.

त्याच दिवशी वहिनीच्या बांगड्या फोडल्या. कुंकू पुसलं. काकू पुढच्या उन्हाळ्यात वारल्या, आणि देवाजवळचा तो कागद वहिनीने आपल्या पेटीत ठेवला.

वहिनी आमच्याच घरी राहिली. आमच्या लोकांत विधवेला दुसरं लग्न करता येतं, पण त्याला लग्न म्हणत नाहीत, पाट म्हणतात. तो अंधार पडल्यावर लावायचा, वाजंत्री नाही, अक्षता नाहीत, आणि नवरीला मागच्या दाराने घरात घ्यायचं. पाटाची बायको घर चालवते, मुलं वाढवते, पण कोणाच्या लग्नात तिच्या हातून पहिली हळद लावून घेत नाहीत. वहिनीसाठी दोन ठिकाणं आली होती. तिने दोन्हींना नको म्हटलं. कारण विचारलं तर म्हणायची, गोठ्यात काम पडलं हाय.

लढाई संपली. त्यानंतरच्या माघात गावचा एक माणूस बैल घ्यायला वाशीमच्या बाजारात गेला होता, तो बैल न घेताच धावत परत आला. दादा जिवंत होता. वाशीमला एका माळ्याच्या मळ्यात मोट हाकत होता. जपान्यांच्या कैदेत साडेतीन वर्षं काढून आला होता. सुटल्याची तार सरकारने पाठवली होती, पण आपल्या वऱ्हाडात आसेगाव नावाची गावं पुष्कळ आहेत, ती दुसऱ्याच आसेगावी गेली. वाशीमच्या मोटारस्टँडवर उतरल्यावर त्याला कोणीतरी ओळखीचा भेटला आणि त्याने सांगितलं की तुझी आई गेली, आणि तुझा विधी झाला आहे, असाच घरात शिरू नको. म्हणून तो तिथेच राहिला. गावच्या माणसाबरोबर त्याने एवढाच निरोप दिला होता, मी हाय, घरी येऊ का ते इचारून सांग.

काकांनी निरोप ऐकला आणि ते आधी गावातल्या जाणत्या मंडळींकडे गेले. वाशीमला धावत का गेले नाहीत, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं. ज्याला आपण अग्नी दिला त्याला परत घरात घ्यायचं म्हणजे गाव आपल्या घरी जेवेल की नाही हा प्रश्न होता, आणि काकांना त्या गावातच राहायचं होतं. जाणत्यांनी ठरवलं ते असं. मेलेला माणूस परत आला तर त्याचा नवा जन्म करावा, म्हणजे तो शुद्ध. पण नवा जन्म झाला म्हणजे तो कुंवारा. आणि बायको तर विधवा. कुंवाऱ्याने विधवेशी पाट लावायचा तर आधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावतात, म्हणजे पहिलं लग्न रुईशी झालं असं होतं, मग अंधार पडल्यावर विधवेशी पाट. तसंच करावं, म्हणजे गाव जेवेल.

हे ऐकून तुम्ही हसाल. त्या बैठकीत कोणी हसलं नाही. ह्यात वावगं काही आहे असं मलाही तेव्हा वाटलं नाही, आणि मी तर इंटर पास झाले होते.

फाल्गुनात आम्ही चौघं निघालो. काका, वहिनी, मी, आणि काकांची बहीण, म्हणजे आमची आत्या. मूल जन्मलं की नाव आत्या ठेवते, म्हणून तिला घेतलं. पक्क्या रस्त्यापर्यंत बैलगाडी आणि पुढे मोटार. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून मोटारी कोळशावर चालत. मागे एक लोखंडी टाकी, तिच्यात कोळसा धुमसायचा, त्या वायूवर मोटार चालायची. चढ आला की सगळे उतरून चालायचे. कपाळावर काजळी घेऊनच आम्ही वाशीमला उतरलो. आत्या म्हणाली, "लेकरू पाहाले निघालो अन् आपणच काळ्या मांजरी झालो."

वाशीम मी आधी पाहिलं होतं, बालाजीच्या दर्शनाला. ह्या खेपेला मी ते नीट पाहिलं. बाजारात निम्मी माणसं खाकीत होती. फौजी कोट, फौजी स्वेटर, पायात फौजी बूट आणि वर धोतर. शिंपी खाकी कोट उसवून पोरांच्या चड्ड्या शिवत होते. जमिनीवर पथारी टाकून कोणी फौजी घोंगड्या, पत्र्याचे डबे आणि विमानातून उडी मारायच्या छत्रीचं पांढरं कापड वाराने मोजून विकत होतं. रॉकेलच्या दुकानापुढे बाटल्यांची रांग होती, माणसं सावलीत बसलेली आणि त्यांच्या जागी बाटल्या उभ्या. लुगडी कंट्रोलची, पांढरट, काठ नसलेली. चहावाल्याचे कप म्हणजे दुधाच्या पावडरीचे कापलेले डबे. मोटारस्टँडच्या भिंतीवर भरतीचं चित्र होतं, हसऱ्या शिपायाचं. त्याच्या तोंडावरच कोणीतरी पान थुंकलं होतं. त्याच भिंतीखाली एक पाय नसलेला माणूस भुईमुगाच्या शेंगा विकत बसला होता. त्याचा धंदा बरा चालला होता.

मळा गावाच्या कडेला होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मधे विहीर. माळीण जाडजूड, तोंडाची मोकळी. काकांनी दबकत चौकशी केली तेव्हा ती म्हणाली, "तुमचा मेलेला माणूस दोन महिन्यांपासून माया मळ्यात मोट हाकून राह्यला, बाप्पा. दोन टाईम जेवते. भूत असंल तं लय कामाचं भूत हाय."

तो विहिरीवर होता. मला पहिल्यांदा ओळखू आला नाही. केस पिकलेले, पुढचे दात गेलेले, हाडं मोजता यावीत असा. खाली बघून बैल मागे घेत होता. काका पाच-सहा हातांवर थांबले. नव्या जन्माचा विधी व्हायचा असल्याने आम्ही त्याला शिवायचं नव्हतं. काका नुसते, उन्हात डोळ्यांवर हात धरतात तसा हात धरून पाहत राहिले. वहिनी मेथीच्या वाफ्याजवळच उभी राहिली, पदर पुढे ओढून.

दादाने बैल थांबवले. मला हाक मारून बाजूला बोलावलं, स्वतःच दोन पावलं लांब राहिला आणि हळू विचारलं, "बाई, तिचा पाट लावला का कोणासंग?"

मी म्हटलं, नाही. दोन ठिकाणं आली होती, तिने नको म्हटलं.

तो विहिरीच्या काठावर बसला. मोटारस्टँडवर भेटलेल्या माणसाला हे विचारायचं त्याला धैर्य झालं नव्हतं, आणि गावच्या माणसाला विचारायची लाज वाटली. पाट झाला असेल तर तसंच परत कुठेतरी निघून जायचं, म्हणून तो दोन महिने मोट हाकत थांबला होता. पुलाजवळची लॉरी त्याचीच होती, पण त्या दिवशी त्याला ताप होता आणि ती दुसरा ड्रायव्हर घेऊन गेला होता.

माळिणीने आम्हाला एक खोली दिली. दादा बाहेर गवताच्या खोपीत. जेवताना मी पाहिलं, तो ताटाबाहेर पडलेलं प्रत्येक शीत उचलून खायचा आणि अर्धी भाकर न चुकता खिशात ठेवायचा. माळीण म्हणाली, रोजचं हाय, मी आता एक भाकर जास्तच टाकतो.

दुसऱ्या दिवशी काका मला घेऊन बालाजीच्या देवळाजवळ राहणाऱ्या गुरुजींकडे गेले. गुरुजींनी पोथी काढून सांगितलं की परत आलेल्याला पाण्यात गर्भासारखं बसवून, तूप लावून बाहेर काढावं, बारसं करावं आणि मग पहिल्या बायकोशीच त्याचा विवाह लावावा. काकांनी रुईचं आणि पाटाचं विचारलं. गुरुजी म्हणाले, ते पोथीत नाही, ते तुमच्या लोकांचं, तुम्ही जाणा. ते दोन्हीला तयार होते. काकांनी गावाचा निवाडा धरला आणि चौथ्या दिवसाची संध्याकाळ ठरवली.

वहिनीला हे परत येऊन सांगितलं. ती मिरच्या खुडत होती. खुडतच राहिली. तिच्या गप्प बसण्याला सगळ्यांनी होकार धरलं.

तिसऱ्या दिवशी दादाचं नाव सरकारी दप्तरात नीट करून घ्यायचं होतं. वहिनीच्या पेटीतला तो इंग्रजी कागद माझ्याकडे होता, म्हणून दादा, मी आणि सोबतीला वहिनी असे कचेरीत गेलो. दादा पुढे, आम्ही मागे. कचेरीच्या व्हरांड्यात पाहिलं तर पन्नास-साठ माणसं बसलेली, निम्म्या बाया. कोणाच्या पदराच्या गाठीत, कोणाच्या पिशवीत तोच अर्ध्या पानाचा टाईप केलेला कागद. मला इंग्रजी वाचता येतं हे कळायला वेळ लागला नाही. कारकून जेवायला गेला होता तेवढ्या वेळात मी अकरा कागद वाचले. नाव वेगळं, तारीख वेगळी, बाकी मजकूर तोच. सापडत नाही. काही कळलं तर कळवू. एका म्हाताऱ्याने वाचून झाल्यावर कागदाची घडी घातली आणि थोड्या वेळाने तो पुन्हा पुढे केला. मी पुन्हा वाचला.

लॉरी घेऊन गेलेल्या त्या ड्रायव्हरच्या गावचं कोणी आहे का, म्हणून दादा सगळ्यांना विचारत फिरत होता. कोणी नव्हतं. नंतर मी कचेरीला त्याच्या वतीने इंग्रजीत एक पत्र लिहून दिलं की तो माणूस कसा आणि कुठे गेला, त्याच्या घरी कळवा. त्याचं पुढे काय झालं ते माहीत नाही.

वहिनी त्या बायांमध्ये बसली होती. परतताना रस्त्यात ती मला म्हणाली, "बाई, त्या सगळ्यायच्या कपाळाले कुकू होतं."

मी म्हटलं, हो.

"कागद तोच. माया पेटीतला अन् त्यायचा."

मी म्हटलं, तोच.

मळ्यात आल्यावर तिने पदर खोचला आणि सरळ काकांपुढे जाऊन उभी राहिली. ती सासऱ्यापुढे कधी बोललेली मी पाहिली नव्हती. ती म्हणाली, "मामाजी, मी पाट लावून घेणार नाई."

काका म्हणाले, मग नवऱ्यासंग नांदायचं नाही का?

"मी विधवा म्हणता, तं कोणाची? ह्याचीच ना? अन् हा तं उभा हाय. सरकारनं त्याले मेला म्हणलं नाई, तुमी म्हणलं. लगन पायजे. दिवसा, अक्षता टाकून. नाई तं मी माहेरी जातो."

आत्या भाकरी भाजत होती. ती तव्यापुढून उठली. तिला फार लागलं होतं, कारण आत्याचं स्वतःचं दुसरं लग्न पाटाचं होतं. पहिला नवरा प्लेगात गेला, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. ती म्हणाली, "पाटाले काय किडे पडले व्हय? मी तीस साल नांदली. चार लेकरं केली. मी काय चोरटी हाय?"

वहिनी म्हणाली, "तुमचा पयला गेला होता, आत्या. माया गेला नाई."

तव्यावरची भाकर जळाली. काकांनी दादाला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? दादा म्हणाला, तिले पायजे ते करा. मले रुईसंग लावा नाई तं बाभळीसंग, मी काय नाई म्हणत नाई, पण तिले पायजे ते करा. काका चिडून म्हणाले, गाव जेवणार नाही त्याचं काय, उद्या मी मेलो तर खांदा कोण देईल? ते उठून विहिरीकडे गेले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

चौथा दिवस तसाच गेला. संध्याकाळी पाट व्हायचा होता, तो झाला नाही. गुरुजींना निरोप पाठवला. वहिनीने आपलं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं. दादा मोट हाकत राहिला. माळीण मधेच येऊन म्हणाली, तुमचं होवो न होवो, माया गडी नेऊ नका, वांग्याले पाणी पायजे.

अंधार पडायच्या आधी आत्या काकांजवळ जाऊन बसली. मी तिथेच मेथीच्या जुड्या बांधत होते. ती भावाला नावाने हाक मारायची, पण ह्या खेपेला नुसतं "भाऊ" म्हणाली.

"मले अंधारात आणलं त्या घरात. मागच्या दारानं. कुत्रं भुकलं माया अंगावर, कारण त्याले वाटलं चोर हाय. तीस साल झाले. तुमच्या घरच्या एकाही लेकराच्या लग्नात मले हळद लावू देली नाई, मी सयपाकात बसली. मी कधी काही म्हणलं का?"

काका म्हणाले, नाही म्हटलंस.

"मंग आता म्हणतो. हिचं दिवसा कर."

काका म्हणाले, रुई तरी लावू दे, गावाले सांगाले काहीतरी पायजे. आत्याने ते वहिनीला विचारलं. वहिनी म्हणाली, "रुई सवत म्हणून चालन मले. जेवाले तं मांगत नाई."

पाचव्या दिवशी सकाळी मोटेचं पाणी जिथे पडतं त्या दगडी थारोळ्यात दादा गुडघे पोटाशी घेऊन, मुठी मिटून बसला. तूप दुर्मिळ होतं, गुरुजींनी वाटीभर आणलेलं कपाळाला आणि पाठीला लावलं. बाहेर काढल्यावर तो थंडीने कापत होता. काकांनी पुढे होऊन त्याला आपल्या उपरण्यात गुंडाळलं. आता शिवायला हरकत नव्हती. तेव्हा काका रडले, आम्ही आल्यापासून पहिल्यांदा. आत्याने कानात नाव सांगितलं, जुनंच. माळीण म्हणाली, "लेकरू तं चांगलं हाय, पण दात पडेल अन् केस पिकेल कसं निपजलं बाप्पा?" दादा हसला. त्याचं हसणं मी पाच वर्षांनी पाहिलं.

कुंपणातली एक रुई त्याच्याशी लावली. त्याला पाच मिनिटं लागली. मग भर दुपारी, डोक्यावर सूर्य असताना, लग्न. हिरवं लुगडं बाजारात कुठे नव्हतं, माळिणीने स्वतःचं दिलं. अंतरपाट म्हणून विमानाच्या छत्रीचं पांढरं कापड मी बाजारातून आणलं होतं. ते इतकं पातळ होतं की दोघांना पलीकडचं सगळं दिसत होतं. अक्षता टाकायला आम्ही आणि मळ्यातली पाच-सहा माणसं.

पहिलं कुंकू लावायची वेळ आली. माळीण सवाशीण, तीच पुढे झाली. वहिनीने मान बाजूला केली आणि म्हणाली, आत्या लावतील. आत्या मागे सरकली. मले नाई चालत, असं हाताने केलं. वहिनी तशीच कपाळ पुढे करून बसून राहिली. गुरुजी मंत्र थांबवून आकाशाकडे बघत राहिले. शेवटी आत्या आली. तिने बोट इतकं घाईने फिरवलं की कुंकू भुवईपर्यंत उतरलं. वहिनीने ते पुसलं नाही, तसंच ठेवलं.

पुढचं थोडक्यात. आसेगावला आल्यावर निम्मं गाव आमच्याकडे जेवलं आणि निम्मं जेवलं नाही. दोन वर्षांनी दादाला मुलगी झाली, तिच्या बारशाला सगळे आले. नाव आत्यानेच सुचवलं. काका गेले तेव्हा खांदा द्यायला माणसं कमी पडली नाहीत. दादा खिशात अर्धी भाकर शेवटपर्यंत ठेवत असे. मुलं झाल्यावर ती भाकर मुलं काढून खायची, आणि मग तो दुसरी ठेवायचा.

परतीच्या मोटारीतलं सांगायचं राहिलं. चढ आला तेव्हा सगळे उतरले. दादा आणि काका पुढे चालत होते, आत्या रस्त्याच्या कडेला पळसाखाली टेकली होती. पळस फुललेला होता, पान एकही नव्हतं. मी आणि वहिनी मागे होतो. मला तीन वर्षं जे बोलायचं होतं ते तेव्हा बोलले. म्हटलं, वहिनी, त्या दिवशी पानं मी मोजली होती. कागदात काय आहे ते मला माहीत होतं आणि तरी मी मोजली. तीनशे साठ.

वहिनीने बांगड्या मागे सारल्या. त्या नव्या होत्या, अजून मनगटाला सवय झाली नव्हती. ती म्हणाली, "चुकली असशील, बाई. एखादं कमी भरलं असंल, म्हणून तं वाचला."

तुम्हाला माहीत आहे, मी मोजण्यात चुकत नाही. दहा-दहाच्या छत्तीस चळती होत्या आणि मी त्या दोनदा मोजल्या होत्या. पण वहिनी माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, हो, एखादं चुकलं असेल.